झेंडावंदन, ध्वजारोहण आणि सुरतेचा तिरंगा

'झेंडावंदन' हा शब्द अशुद्ध आहे, त्याऐवजी 'ध्वजारोहण' लिहावे, अशी सूचना गेली काही वर्षे आमच्या कानांवर वारंवार येत आहे. सुरतेतील मराठी मंडळांच्या निमंत्रणपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी कोणीतरी जाणकार त्या वाचतो. 'झेंडा' हा शब्द गावंढळ, 'वंदन' हा संस्कृत, दोहोंचा समास जमत नाही, असे सांगतो आणि तांबड्या शाईने खोडतो. दुसरा जाणकार त्याच्याही एक पाऊल पुढे असतो. पंधरा ऑगस्टला 'ध्वजारोहण' म्हणावे आणि सव्वीस जानेवारीला 'ध्वज फडकवणे' म्हणावे, नाहीतर तो राष्ट्रध्वजाचा अवमान होतो आणि हे घटनेतच लिहिले आहे, अशी त्याची खात्री असते. वकील म्हणून आमच्याकडे विचारणा होते ती या दुसऱ्या मुद्द्यावर, मराठीचे कार्यकर्ते म्हणून पहिल्यावर. दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून हे लेखन.

दुसरा मुद्दा आधी घेऊ, कारण तो लवकर मिटतो. राज्यघटनेत राष्ट्रध्वज येतो तो मूलभूत कर्तव्यांच्या अनुच्छेद ५१-क मध्ये, आणि हा अनुच्छेदच मुळी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. तेथे ध्वजाचा आदर राखावा एवढेच म्हटले आहे. दोरी कशी ओढावी हे नाही. तपशील आहेत ते २६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या भारतीय ध्वजसंहितेत आणि १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक अधिनियमात. ध्वजाची झोळी करून त्यात काही ठेवू नये, वाहून नेऊ नये, हा नियम सांगताना दोन्हीकडे एक अपवाद जोडलेला आहे. ध्वज उलगडण्यापूर्वी त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास हरकत नाही, असा तो अपवाद. आणि तो देताना प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिन या दोन्ही दिवसांची नावे एका दमात घेतली आहेत. इंग्रजीत 'अनफर्ल' हे एकच क्रियापद दोन्ही दिवसांसाठी वापरले आहे. राजधानीतील दोन समारंभांच्या रीतींत फरक आहे, तो असू द्यावा. स्वातंत्र्यदिनी पंतप्रधान आणि प्रजासत्ताकदिनी राष्ट्रपती हाही रिवाज आहे. परंतु लिंबायतच्या एखाद्या सोसायटीच्या अध्यक्षांनी पंधरा ऑगस्टला आधीच वर बांधून ठेवलेला ध्वज दोरी ओढून मोकळा केला, तर त्यांनी कायदा मोडला, असे म्हणणाऱ्याने कलम दाखवावे. मोबाइलवर फिरणारा संदेश हे कलम नव्हे.

आता 'झेंडा'. हा शब्द हलका आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी नागपूर आठवावे. १९२३ साली मे ते ऑगस्ट या महिन्यांत नागपुरात जो सत्याग्रह झाला, तो इतिहासात 'झेंडा सत्याग्रह' म्हणूनच ओळखला जातो. सिव्हिल लाइन्सच्या हद्दीत चरखांकित तिरंगा घेऊन जाण्यास सरकारने मज्जाव केला आणि तो मोडण्यासाठी देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या आल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर नेतृत्व करण्यास कोण आले? वल्लभभाई पटेल. गुजरातमधून तुकड्या आल्या, मराठी मुलखात अटक करून घेतली आणि मराठी मुलखातल्या तुरुंगांत राहिल्या. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला आणि त्याच्या गुजराती शेजाऱ्याला सांगण्याजोगी ही गोष्ट आहे. ती दोघांपैकी कोणाच्याही मुलांना ठाऊक नसते, हे आम्ही पुष्कळदा अनुभवले आहे. त्या सत्याग्रहाचे नाव शुद्ध करून 'ध्वज सत्याग्रह' करण्याची आवश्यकता तेव्हा कोणाला भासली नाही.

समासाच्या आक्षेपाला तर अर्थच नाही. 'जिल्हा' अरबी आणि 'अधिकारी' संस्कृत. जिल्हाधिकाऱ्यांना अशुद्ध म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. भाषा कानाला जे बसते ते जोडते. 'झेंडावंदन' बसले आहे. शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या मनात तो शब्द पांढरा गणवेश, पहाटेची प्रभातफेरी आणि खाऊची पुडी यांच्यासह साठवलेला असतो. आमच्या गुजराती बंधूंचा रोजचा शब्द 'ध्वजवंदन' असा आहे. म्हणजे त्यांनीही वंदनच निवडले आहे, आरोहण नव्हे. देवळाच्या शिखरावरील निशाणासाठी त्यांच्याकडे 'धजा' हा निराळा शब्द आहे. आपल्याकडे 'पताका' आहे, 'निशाण' आहे, 'बावटा' आहे, पेशवाईतला 'जरीपटका' आहे. इतकी श्रीमंती असताना रोजच्या, घरगुती, उबदार शब्दालाच घराबाहेर का काढावे?

आणि येथे आमचा खरा मुद्दा येतो. 'ध्वजारोहण' हा शब्द दोरी ओढणाऱ्याच्या कृतीचे नाव आहे. 'झेंडावंदन' हा शब्द खाली उभ्या असलेल्या सर्वांच्या कृतीचे नाव आहे. पहिल्यात एक मान्यवर असतो, दुसऱ्यात सगळे असतात. 'अमुक यांच्या हस्ते ध्वजारोहण' असे छापले जाते. 'अमुक यांच्या हस्ते झेंडावंदन' असेही काही जण छापतात खरे, पण ते कानाला खटकते, कारण वंदन कोणाच्या हस्ते होत नसते, ज्याचे त्याने करायचे असते. ध्वजसंहिताही शाळांच्या प्रकरणात ध्वज उलगडल्यानंतरच्या विधीला सलामीचेच नाव देते. तेव्हा कायद्याच्या दृष्टीनेही आपला जुना शब्द अचूक आहे. त्याला संस्कृताच्या दारात उभे करून प्रमाणपत्र मागण्याचे कारण नाही.

शब्दांचा हा वाद निमंत्रणपत्रिकेपुरता राहिला असता, तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. परंतु सुरतेत ध्वज हा समारंभापुरता नाही. तो येथे तयार होतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ध्वजसंहितेत दुरुस्ती केली. तोपर्यंत राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या सुती, लोकरी वा रेशमी खादीचाच असावा, असा नियम होता. दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेल्या कापडाला आणि पॉलिएस्टरला मुभा दिली. पुढच्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहीम आली आणि देशाच्या कृत्रिम धाग्याच्या कापडाचे केंद्र असलेल्या सुरतेवर ध्वजांच्या मागणीचा पाऊस पडला. पांडेसरा, उधना, सचिन या भागांतील लूम, डाईंग-प्रिंटिंगच्या मिली, कापणी आणि शिलाईची घरगुती कामे यांतून किती ध्वज निघाले याचे वेगवेगळे आकडे तेव्हा छापून आले. आम्ही त्यांतला एकही येथे देत नाही. एवढे मात्र खरे की त्या कामांत खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी माणसे होती. सुरत-भुसावळ गाडीने येथे उतरलेल्या पिढ्यांची ही मुले-नातवंडे. ताका उचलणारा, रंगाच्या हौदाशी उभा राहणारा, घरी बसून ध्वजाच्या कडा शिवणारी आणि नगावर पैसे घेणारी, यांनी तो तिरंगा घडवला आणि १३ ऑगस्टला आपल्या खोलीच्या गॅलरीत लावला.

पॉलिएस्टरविषयी आमचे मत विचारले जाते. हुबळीजवळ बेंगेरी येथील खादी संस्थेने २०२२ साली या दुरुस्तीविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या मागे वर्षानुवर्षे हाताने सूत काढणाऱ्या, विणणाऱ्या बायाबापड्या होत्या. आपल्या नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही ध्वज तयार करते. त्यांचे दुःख खरे आहे. शासकीय इमारती, न्यायालये, शाळा, महापालिका यांनी खादीचाच ध्वज घ्यावा, असे आम्हाला वाटते; त्यांना परवडते. ज्याच्या एका खोलीचे भाडे पगाराचा मोठा लचका तोडते, त्याने मात्र खादीचाच ध्वज लावावा, हा आग्रह आम्ही धरणार नाही. नागरिकाला ध्वज लावण्याचा हक्क आहे आणि तो हक्क कापडाच्या किमतीवर अडू नये.

हा हक्क तरी कोठून आला, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. पूर्वी सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडून घरावर किंवा कारखान्यावर राष्ट्रध्वज लावण्याची मुभा नव्हती. नवीन जिंदल यांनी रायगढ येथील आपल्या कारखान्यावर तो लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा अनुच्छेद १९(१)(क) खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. ध्वजसंहिता हा कायदा नव्हे. त्या कार्यकारी सूचना आहेत, पाळाव्यात अशाच आहेत, परंतु शिक्षा होते ती १९७१ च्या अधिनियमाखाली आणि त्याच्या सारखाच असलेल्या जुन्या १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याखाली. सूचना मोडणे आणि गुन्हा करणे यांत अंतर आहे.

हे अंतर न कळल्याने काय होते, ते आमच्या वकिलीच्या टेबलावर आलेल्या एका प्रकरणावरून सांगतो. उधन्याकडचा एक लूम कामगार. ऑगस्टात लावलेला ध्वज त्याने उतरवलाच नव्हता. पाऊस झाला, ऊन पडले, वरचा केशरी पट्टा पिवळट झाला, एक कोपरा उसवला. नवरात्राच्या सुमारास वाऱ्याने काठी मोडली आणि ध्वज खालच्या चिखलात पडला. शेजाऱ्याने मोबाइलवर चित्रण केले. इमारतीचा कारभार पाहणाऱ्या एका गृहस्थाने त्याला बोलावून सांगितले की ही राष्ट्रद्रोहाची बाब आहे, तीन वर्षे आत जाशील, परप्रांतीय असल्याने जामीनही मिळणार नाही. मिटवायचे असेल तर अमुक इतके रुपये दे. आमच्याकडे आला तेव्हा त्याने अर्धी रक्कम दिलेली होती आणि उरलेल्या रकमेसाठी बायकोची पोत मोडण्याचा विचार चालला होता. त्याच्या हातात ध्वजासोबत मिळालेला नियमांचा कागद होता. तो त्याला वाचता येत नव्हता, कारण त्याची लिपी मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या ओळखीची नव्हती आणि पाठीमागे होते ते इंग्रजी.

अधिनियमाचे दुसरे कलम आम्ही त्याला मराठीत वाचून दाखवले. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी जो ध्वज जाळतो, फाडतो, विद्रूप करतो, पायदळी तुडवतो किंवा अन्य प्रकारे त्याचा अनादर करतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड, किंवा दोन्ही. त्यापुढे अनादर म्हणजे काय याचे स्पष्टीकरण आहे आणि त्या स्पष्टीकरणात दोन ठिकाणी एक मोलाचा शब्द बसवलेला आहे. ध्वजाचा जमिनीला स्पर्श होऊ देणे किंवा तो पाण्यात लोळू देणे हा अनादर आहे, पण कधी? हेतुपुरस्सर तसे केले तर. केशरी बाजू खाली करून लावणे हा अनादर आहे, पण तोही हेतुपुरस्सर केला तर. वाऱ्याने मोडलेल्या काठीला हेतू नसतो. विटलेला, उसवलेला ध्वज फडकत ठेवू नये, हे संहितेत स्पष्ट सांगितले आहे आणि ते त्याने पाळायला हवे होते. पण त्या एका गोष्टीसाठी तुरुंगाची भाषा करण्याचा अधिकार इमारतीच्या कारभाऱ्याला कोणी दिला? आमच्या एका नोटिशीनंतर पैसे परत आले. चित्रणही गायब झाले.

असे लोक घाबरतात ते केवळ गरीब असल्यामुळे नव्हे. नियम त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचलेले नसतात आणि जे पोचते ते ऐकीव असते. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. म्हणजे या शहरात मराठी वाचणारे लोक आहेत, हे प्रशासनाला ठाऊक आहे. मग ध्वजाबरोबर दिली जाणारी पत्रिका गुजराती, हिंदी, इंग्रजीच्या जोडीला मराठीतही का नसावी? ही मागणी कोणत्याही सीमावादाची नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तेथे उद्घोषणा चार भाषांत होतात आणि त्यामुळे कोणत्याही राज्याची हद्द सरकल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मराठी पत्रिका काढायची, तर ती चांगल्या मराठीत हवी. येथे अनुवादकाची कसोटी आहे आणि काही शब्दांवर आम्ही बराच विचार केला आहे. खराब झालेल्या ध्वजाचे काय करावे, हे सांगताना संहिता म्हणते की तो तुकडे न करता संपूर्ण, एकांतात, शक्यतो जाळून किंवा ध्वजाची प्रतिष्ठा राहील अशा अन्य रीतीने नष्ट करावा. मराठी सूचनांत यासाठी 'विल्हेवाट' हा शब्द दिसतो. कचऱ्याची विल्हेवाट लावतात. बेवारस प्रेताची लावतात. तो शब्द येथे नको. 'विसर्जन' हा शब्द मनाला भावतो, पण सुरतेत तो घातक आहे. विसर्जन म्हटले की आपले लोक तापीच्या काठी जातील, आणि ध्वज जाणूनबुजून पाण्यात सोडणे हेच अधिनियमाने अनादरात धरले आहे. मराठीत शुभ वस्तूच्या शेवटाला अशुभ क्रियापद लावत नाहीत, हे आपण जाणतो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात; बांगडी फुटत नाही, वाढवते; दिवा विझवत नाहीत, शांत करतात. त्या रीतीने 'ध्वज शांत करणे' असे म्हणावे, असे आम्ही सुचवतो. ऐकणाऱ्याला न सांगता कळते की येथे आवाज नको, गर्दी नको, मोबाइल नको. 'इन प्रायव्हेट' याला 'खासगीत' न म्हणता 'एकांतात' म्हणावे. खासगी म्हटले की सुरतेत मालकीहक्काचा विचार आधी येतो.

शब्द सुटला तरी कापडाचा प्रश्न उरतो. खादी जळते आणि तिची राख होते. पॉलिएस्टर जळता जळता वितळते, थेंब गळतात, घाण वासाचा धूर निघतो आणि शेवटी काळा, कडक गोळा राहतो. कापड बदलणाऱ्यांनी शेवटच्या ओळीकडे लक्ष दिले नाही. खादीसाठी लिहिलेला विधी पॉलिएस्टरला तसाच लागू राहिला. चाळीच्या दाटीत, सिलिंडरशेजारी, कोणी पॉलिएस्टरचा ध्वज पेटवावा असे आम्ही सांगणार नाही. 'अन्य रीतीने' ही मुभा संहितेतच आहे. ध्वज धुऊन, वाळवून, घडी करून, स्वच्छ कापडात गुंडाळून स्वतःच्या जागेत किंवा मंडळाच्या आवारात पुरावा, हे आमच्या मते त्या मुभेत बसते. मंडळांनी हे काम एकत्र केले तर अधिक चांगले. ज्या गिरण्यांनी ध्वज छापून नफा कमावला, त्यांनी जुने ध्वज परत घेण्याची व्यवस्था करावी, असेही म्हणता येईल. म्हणून पाहिले, उत्तर आलेले नाही.

दुसरी अडचण २०२२ च्या जुलैतील दुरुस्तीने निर्माण केली. पूर्वी ध्वज सूर्योदयाला लावून सूर्यास्ताला उतरवायचा असे. आता घरावर किंवा मोकळ्या जागी लावलेला ध्वज रात्रंदिवस फडकता ठेवता येतो. कामावरून रात्री परतणाऱ्याची सोय झाली, हे मान्य. परंतु रोज उतरवण्याचा नियम गेला, तसा उतरवण्याचा विचारही गेला. लावण्याची तारीख मोहिमेने सांगितली, उतरवण्याची कोणी सांगितली नाही. संहिता म्हणते की ध्वज झपाट्याने वर चढवावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा. आमच्या गल्ल्यांत तो सन्मानाने चढतो आणि पावसाने, वाऱ्याने, कबुतरांनी उतरतो. पंधरा तारखेच्या संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी ध्वज उतरवून, कोरडा करून, घडी घालून कपाटात ठेवावा, हा साधा रिवाज मंडळांनी पाडावा. दुसऱ्या वर्षी तोच वापरता येतो.

रंगांच्या नावांविषयीही लिहिले पाहिजे, कारण सीमाभागातील वाचकांकडून त्यावर पत्रे येतात. वरच्या पट्ट्याला 'केशरी' म्हणावे की 'भगवा'? संविधान सभेत २२ जुलै १९४७ रोजी ध्वज स्वीकारला गेला. त्याचा अर्थ सांगताना सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी 'भगवा' हा शब्द वापरला होता आणि ते विवेचन ध्वजसंहितेच्या प्रारंभी आजही आहे. मात्र रंगाची व्याख्या करताना त्याच संहितेने कंसात 'केसरी' असे लिहिले आहे. दोन्ही शब्दांना आधार आहे. तरीही मराठी घरांत आम्ही 'केशरी' म्हणण्याचा आग्रह धरतो. मराठीत नुसते 'भगवा' म्हटले की तो रंग राहत नाही, एक वेगळा ध्वज होतो, आणि तोही लिंबायत, डिंडोली, गोडादरा येथील गच्च्यांवर शिवजयंतीपासून फडकत असतो. ऑगस्टमध्ये त्याच बांबूवर तिरंगा चढतो. भावना समजते, पण एका काठीवर राष्ट्रध्वजासह दुसरा कोणताही ध्वज चालत नाही. दुसरा ध्वज त्याच्याहून उंच चालत नाही आणि त्याच्या बरोबरीने शेजारीही चालत नाही. तीन दिवस भगवा सन्मानाने उतरवून ठेवावा, किंवा त्याची काठी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कमी उंचीवर न्यावी. महाराजांचा यात काही उणेपणा होत नाही.

बेळगावच्या वाचकांना हा नियम आम्ही मुद्दाम लक्षात आणून देतो. तेथे महापालिकेच्या इमारतीसमोरील लाल-पिवळ्या ध्वजावरून जो वाद झाला, त्यात आपल्या बाजूने राष्ट्रध्वजाच्या प्रतिष्ठेचा दाखला दिला गेला. तो दाखला देण्याचा अधिकार ज्यांच्या स्वतःच्या गच्चीवर नियम पाळला जातो त्यांनाच शोभतो. न्यायालयात पहिला प्रश्न तोच विचारला जातो, हे अनुभवाने सांगतो.

भिंतीवर उभा लावलेला ध्वज हा चुकांचा आणखी एक हमखास प्रकार. आडवा लावला तर केशरी वर, हे सर्वांना ठाऊक असते. उभा टांगला तर केशरी कोठे? ध्वजाच्या उजव्या अंगाला, म्हणजे समोर उभ्या राहून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. 'उजवीकडे' एवढेच लिहिले की निम्मे लोक चुकणार. पत्रिकेत 'पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला' असेच छापावे. मापही असेच. लांबी आणि रुंदी तीनास दोन, चक्र मध्यभागी, आऱ्या चोवीस. २०२२ साली माप चुकलेल्या, चक्र बाजूला सरकलेल्या ध्वजांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. घेणाऱ्याने दुकानातच ध्वज उलगडून पाहावा. शिवणाऱ्या आमच्या भगिनींना मात्र दोष देऊ नये. छापून आलेल्या ताक्यावर जे आहे तेच त्या शिवतात.

शाळांविषयी लिहून थांबतो. संहितेत शाळांसाठी स्वतंत्र विधी दिलेला आहे आणि तो फारसा वाचला जात नाही. मुलांनी चौकोनाच्या तीन बाजूंनी उभे राहावे, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ असावा. मुख्याध्यापक, विद्यार्थी नायक आणि ध्वज उलगडणारी व्यक्ती यांनी स्तंभाच्या तीन पावले मागे उभे राहावे. वर्गनायक शाळेच्या नायकाला, तो मुख्याध्यापकांना सलामी देतो, मग ध्वज उलगडतो, मग सगळ्यांची सलामी, राष्ट्रगीत. ध्वजनिष्ठेची जी प्रतिज्ञा आहे ती आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरील प्रतिज्ञेहून निराळी आणि फार छोटी आहे. ती हात जोडून उभे राहून म्हणायची असते, हात पुढे करून नव्हे. या साऱ्यात पाहुण्यांच्या भाषणाला नियमाने जागा दिलेली नाही, हे आम्ही एका मुख्याध्यापकांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

मराठी माध्यमाच्या मुलांनी हा विधी मराठीतून करावा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, असे अनुच्छेद ३५०-क सांगतो, आणि झेंडावंदन हा शिक्षणाचाच भाग आहे. या विधीचा आणि घरी ध्वज लावण्याच्या नियमांचा मराठी मजकूर आम्ही तयार केला आहे. सुरत, नवसारी, डांग, उंबरगाव किंवा अन्यत्र ज्या शाळेला वा मंडळाला तो हवा असेल त्यांनी कळवावे, मूल्य नाही. छापताना एवढे पाहावे की पत्रिकेवर तिरंग्याचे चित्र काढून त्याच्या पांढऱ्या पट्ट्यात मंडळाचे किंवा अध्यक्षांचे नाव घालू नये. अधिनियमाच्या व्याख्येत ध्वजाचे चित्रही ध्वजच असते आणि ध्वजावर अक्षरे लिहिणे अनादरात मोडते. नाव खाली, कोऱ्या जागेत घालावे.